माणसाएवढा उंचवटा

१

रस्ता नुसता फुगला असता, तर कुणी मान वळवूनही पाहिलं नसतं. रस्ते फुगतात, खचतात, त्यांना भेगा पडतात. लोक चार शिव्या हासडतात आणि गाडी पुढे काढतात. पण खाणीकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर, मोरीच्या जरा अलीकडे, जो उंचवटा आला होता तो उताण्या झोपलेल्या माणसाच्या मापाचा होता. तेवढाच लांब आणि तेवढाच रुंद. वरचं डांबर ताणलं जाऊन त्याला मधोमध चीर गेली होती आणि ती चीर दिवसेंदिवस उघडत चालली होती.

ट्रकवाले तिथे वेग कमी करून चाक बाजूनं काढायचे. पायी जाणारे तर रस्ताच सोडायचे आणि खालच्या चिखलातून चपला हातात घेऊन जायचे. उंचवटा ओलांडायची कुणाची छाती होत नव्हती.

"चाळणी उठतोय," लोक म्हणायचे. हळू आवाजात, पण म्हणायचे.

चाळणी म्हणजे हा रस्ता बांधला तेव्हा माती तपासणारा माणूस. दिवसभर हातात चाळणी, अंगभर धूळ, म्हणून सगळ्यांनी नाव ठेवलं चाळणी. काम ऐन रंगात असताना एका दुपारी तो नाहीसा झाला. त्याच दुपारी मोरी बांधणाऱ्या गवंड्याची सिमेंटची पोतीही नाहीशी झाली. लोकांनी दोन्हींची सांगड घातली आणि निकाल देऊन मोकळे झाले: चाळणीनं सिमेंट विकलं आणि तोंड काळं केलं. अकरा वर्षं तो निकाल कुणी बदलला नव्हता. आता मात्र तेच लोक तो रस्त्याखालून उठतोय म्हणत होते. पळून गेलेला माणूस रस्त्याखाली कसा, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

उंचवट्याचं कारण शोधायला रस्ते खात्याच्या प्रयोगशाळेनं हातोडीबाईंना पाठवलं. या बाईंचं खरं नाव खात्यातसुद्धा फार जणांना ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, बोलणं तिखट. कुठल्याही रस्त्यावर गेल्या की आधी उकिडव्या बसायच्या आणि छोट्या हातोडीनं ठोकून कान लावायच्या. डॉक्टर पाठ ठोकून छाती तपासतो ना, तसंच. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. रस्ता खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, एवढा एकच अनुभव त्यांनी गाठीला बांधला होता.

त्यांनी आजूबाजूला ठोकलं. खणखणीत आवाज आला. मग उंचवट्यावर ठोकलं. आवाज पोकळ आला, रिकाम्या पेटीवर टकटक केल्यासारखा. बाईंनी हातोडी थांबवली. पुन्हा ठोकलं. पुन्हा तसाच. त्यांनी तिसऱ्यांदा हातोडी उचलली.

"सावकाश मारा हो बाई," मागून कुणीतरी म्हणालं. "त्या बाजूला डोकं असेल."

२

मागे एक बाई उभी होती. हात पाण्यानं ओले, पदरानं पुसत होती. रस्त्याच्या पलीकडचं बैठं घर तिचंच.

"मी त्यांची बायको," ती म्हणाली. "ज्यांना चाळणी म्हणतात त्यांची."

"मी रस्ता का फुगला ते बघायला आलेय," हातोडीबाई म्हणाल्या. "बाकीचं मला कळत नाही."

"मग तेवढंच बघा. पण नीट बघा. उद्या सकाळी मशीन येणारे, हे सगळं खरवडून वर नवं डांबर टाकणार म्हणे. एकदा का ते झालं की कुणी परत विचारायचं नाही." तिचा आवाज चढला नाही, पण हात पुसायचे थांबले. "अकरा वर्षं चोराची बायको म्हणून जगले. मरताना तरी तसं मरायचं नाही मला."

हातोडीबाईंनी हातोडी पिशवीत ठेवली. तेवढ्यात जीप येऊन थांबली आणि साहेब उतरले. रस्ता बांधला तेव्हा हे तरुण इंजिनिअर होते. आता पोट आणि पद दोन्ही वाढलं होतं.

"यात शोधायचं काय आहे?" साहेब लांबूनच म्हणाले. "खालच्या थराच्या मातीत सिमेंट मिसळायचं होतं. त्या चाळणीनं सिमेंट लांबवलं, इथे कमी पडलं. थर कच्चा राहिला, पाणी शिरलं, फुगला. तुमच्या अहवालात दोन ओळी लिहा की झालं."

बायकोनं मान खाली घातली. हे तिला नवं नव्हतं.

"दोन ओळीच लिहीन," हातोडीबाई म्हणाल्या, "पण त्या माझ्या असतील."

त्यांच्या माणसांनी ड्रिल लावलं आणि उंचवट्याच्या कडेला एक भोक पाडून दंडाएवढा गोल तुकडा बाहेर काढला. वर डांबर, खाली सिमेंट मिसळलेली घट्ट माती. बाईंनी पिशवीतून एक बाटली काढली आणि त्या मातीवर फवारा मारला. माती बघता बघता गडद गुलाबी झाली. रस्त्याच्या कडेला जमलेले लोक चार पावलं मागे सरले. कुणीतरी "रक्त!" म्हणालंसुद्धा.

"रक्तबिक्त काही नाही," बाई खेकसल्या. "औषध आहे. मातीत सिमेंट असलं की गुलाबी होतं, नसलं की नाही. साहेब, बघताय ना? हा तुकडा वरपासून खालपर्यंत गुलाबी झालाय. सिमेंट कमी कसलं, इथे कुणीतरी हात सैल सोडून ओतलंय. चोरी झाली असती तर ती या जागेत दिसायला हवी होती."

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. ऊन काही एवढं नव्हतं.

मग बाईंनी दुसरा तुकडा काढायला लावला, उंचवट्यापासून दोन हात लांब. तो मोडला आणि आतली ताजी बाजू उजेडात धरली. ती निळसर हिरवी होती, एखाद्या खोल विहिरीच्या पाण्यासारखी. लोकांना आणखी एक भूत दिसलं. बाईंना मात्र हा रंग पाठ होता. लोखंडाच्या भट्टीतून निघणारी मळी दळून जे सिमेंट करतात, स्लॅग सिमेंट, त्याचा पोटातला रंग असाच असतो. हवा लागली की हळूहळू विरून जातो.

आता त्यांनी उंचवट्याचा तुकडा मोडला. आतून साधा, राखाडी. निळ्याचा टिपूससुद्धा नाही.

बाईंनी दोन्ही तुकडे दोन हातांत धरले आणि बराच वेळ पाहिले.

"हा तुकडा," त्या शेवटी म्हणाल्या, "या रस्त्याचा नाहीच."

३

चाळणीच्या घरात शिरताना हातोडीबाईंच्या लक्षात आलं की दाराला कडी नव्हती. म्हणजे कडी होती, पण ती गंजून एका जागी चिकटली होती. अकरा वर्षांत कुणी ती लावली नव्हती. खुंटीवर एक धुतलेला सदरा लटकत होता. बाहेरून ट्रक गेला, त्याचं एक चाक उंचवट्याच्या कडेवरून उसळलं आणि दार आपोआप थडथडलं.

"आधी मी दर वेळी उठून बघायचे," चाळणीची बायको म्हणाली. "आता उठत नाही. पण झोपतही नाही."

हातोडीबाई भुतावर विश्वास ठेवत नव्हत्या, तरीही पुढचा ट्रक गेला तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलं. त्यांनाही वाटलं, आता ते उघडेल.

"तुमच्या मिस्टरांनी या रस्त्यासाठी सिमेंट कसं ठरवलं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! घरात दुसरा विषय नव्हता." ती त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली. नळाखाली सिमेंट-मातीचे तीन ठोकळे होते. दोन अजून साबूत होते आणि त्यांच्यावर तिनं कपडे धुवायचा दगड टेकवला होता. तिसऱ्याचा चुरा झाला होता. तोही साधा चुरा नव्हता, आतून फुलून फुटल्यासारखा. "तिन्हीत इथलीच माती. सिमेंट तेवढं वेगवेगळं. एकात साधं, एकात राखेचं, एकात ते मळीचं. पाण्यात ठेवले आणि रोज उठून बघत बसायचे. एक दिवस साध्या सिमेंटचा फुटला तर हे अंगणात नाचले! मी म्हटलं, अहो, वस्तू फुटली म्हणून नाचतात का कुणी?"

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिनं ते लपवलं नाही.

हातोडीबाईंनी अंगणातली माती चिमटीत घेतली. काचेच्या कणांसारखं काहीतरी चमकलं. जिप्सम. याच मातीत ते असतं आणि ते साध्या सिमेंटशी भांडतं. दोघांना पाणी मिळालं की सुईसारखे बारीक स्फटिक वाढत जातात आणि सगळा थर उचलतात. मळीचं सिमेंट ते भांडण होऊ देत नाही. चाळणीला हे कळलं होतं. म्हणून अख्खा रस्ता निळसर पोटाचा होता. आणि म्हणूनच साध्या सिमेंटचा एवढाच तुकडा फुगून वर आला होता. इतकी वर्षं जमीन कोरडी होती म्हणून तो गप्प राहिला. या वर्षी रस्त्याकडेला नव्या नळाची लाईन टाकली आणि ती गळायला लागली. उंचवट्याच्या बाजूला हिरवंगार गवत माजलं होतं, ते बाईंनी सकाळीच पाहिलं होतं.

"फुटलेला ठोकळा त्यांनी कुणाला दाखवला?"

"साहेबांना बोलावलं होतं, गवंड्यालाही. इथेच बसून चहा प्यायले. साहेब वैतागले होते, गवंडी म्हणाला, बरं झालं सांगितलंस."

"आणखी कुणी?"

"ह्यांचे दोस्त, रोलरवाले भाऊजी, यायचे होते. पण त्या दिवशी त्यांचा रोलर बिघडला, ते आलेच नाहीत. तसाही त्यांना त्यात काही रस नव्हता." ती नळाकडे वळली. "हेच आज नळ दुरुस्त करायला येणारेत. माझं सगळं तेच बघतात. ते नसते तर मी कधीच संपले असते."

हातोडीबाईंनी फुटक्या ठोकळ्याचा एक तुकडा पिशवीत टाकला. एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली होती आणि ती त्यांनी बोलून दाखवली नाही: रस्ता पूर्ण होत असताना कुणीतरी त्याचा माणसाएवढा तुकडा खणला होता आणि दुसऱ्याच सिमेंटनं भरला होता. त्या जागेखाली पोकळी होती.

४

गवंडी मोरीच्या कठड्यावर बसून बिडी ओढत होता. म्हातारा झाला होता, पण राग ताजा होता.

"माझी पोती गेली, बाई. साध्या सिमेंटची. शेडला दार नव्हतं, ओळखीचा माणूस असला की दार कशाला हवं? मी तिच्या तोंडावर तिच्या नवऱ्याला चोर म्हणालो. अजून म्हणेन."

"मोरीच्या पायात इथली माती का नाही घातलीत?"

"वेड लागलंय का मला? चाळणीच्या घरी तो ठोकळा फुटलेला मी या डोळ्यांनी पाहिला. इथली माती आणि साधं सिमेंट, नको रे बाबा! पायाला वाळू मी बाहेरून आणली." तो थांबला. "तेवढं शहाणपण त्यानंच दिलं, हे खरं. म्हणून तर जास्त लागलं."

साहेब ऑफिसात होते. बोलायची इच्छा नव्हती, पण बाई खुर्चीत बसल्या की उठत नाहीत, हे त्यांना लवकरच कळलं.

"भांडलो होतो त्याच्याशी," ते शेवटी म्हणाले. "मळीचं सिमेंट सावकाश घट्ट होतं. सगळं काम रेंगाळलं, वरून माझ्यावर बोंब. पण त्यानं तो फुटलेला ठोकळा माझ्या पुढ्यात ठेवला. मी इंजिनिअर आहे, बाई, आंधळा नाही. साधं सिमेंट या मातीत घालणं म्हणजे स्वतःच्या हातानं रस्ता फोडणं. मी त्याचं ऐकलं."

"तो गेला त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"मिश्रणाच्या प्लांटवर. नवीन यंत्र आलं होतं, सगळे बघायला तिकडे पळाले होते. गवंडीसुद्धा. या टोकाला कोण राहिलं होतं, देव जाणे." साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "खरं सांगू? तो पळाला यावर माझा कधी विश्वास बसला नाही. पण विश्वास ठेवणं सोयीचं होतं."

रोलरवाला चाळणीच्या अंगणात नळाशी बसला होता. हडकुळा, मऊ बोलणारा माणूस. लोक त्याला गोगलगाय म्हणायचे, कारण त्याच्या रोलरच्या मागे अडकलेल्या गाडीला मुक्कामाला पोचायला दिवस मावळायचा. रोलर त्यानं केव्हाच सोडला होता. आता लोकांचे नळ, पंप, कुलपं दुरुस्त करायचा. हातोडीबाईंची चाहूल लागताच त्यानं आधी मान वळवून पाठीमागे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे.

"भाऊजींची सवयच आहे ती," चाळणीची बायको आतून म्हणाली. "बसले, उठले, वळले, की मागे बघणार. लोक चिडवतात त्यांना, भूत लागलंय म्हणून."

"चाळणीचे दोस्त ना तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"जिवाचा दोस्त." त्यानं पाना खाली ठेवला. "मी रोलर पुढे काढला की हा मागे उकिडवा बसायचा. माती ओली आहे तोवरच तपासायची असते म्हणे. मी ओरडायचो, ऊठ रे, चेपला जाशील एक दिवस. तो हसायचा."

"तो कुठलं सिमेंट वापरायचा, बोलला होता का कधी?"

"बाई, सिमेंट म्हणजे सिमेंट. पोतं फोडलं की सगळं करडंच. मी दाबणारा माणूस, मला त्यातलं काय कळतंय?" तो उठला आणि उठताना पुन्हा मागे पाहिलं. मागे फक्त भिंत होती. मग आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या खरवडू द्या ना ते. काय मिळणारे उकरून? झोपू द्या त्याला."

हातोडीबाई परत रस्त्यावर आल्या आणि उंचवट्याशेजारी कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्यांना उत्तर सापडलं होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

५

सकाळी खरवडायचं मशीन येऊन उभं राहिलं, पण हातोडीबाई उंचवट्यावरच पिशवी ठेवून बसल्या होत्या. ज्या उंचवट्याला लोक पाय लावत नव्हते, त्यावर ही बाई ऐसपैस बसलेली पाहून मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं. बाईंनी पोलिसांना कळवलं होतं आणि दोन शिपाई बाजूला उभे होते. साहेब आले, गवंडी आला, चाळणीची बायको आली. रोलरवाला तिच्या मागोमाग आला, तिच्यासाठी घरातलं स्टूल उचलून.

"लोक म्हणतात, इथे चाळणी आहे," बाईंनी सुरुवात केली. "लोकांचं बरोबर आहे."

चाळणीची बायको स्टुलावर बसली नाही.

"त्या दुपारी इथला थर नुकताच टाकलेला होता. मळीचं सिमेंट, सावकाश घट्ट होणारं. फावड्यानं खणता येईल इतका ओला. कुणीतरी खणलं, आणि भरताना नुसती माती घातली असती तर दुसऱ्या दिवशी तपासणीत ती मऊ लागली असती. म्हणून सिमेंट हवं होतं. मळीचं सगळं सिमेंट प्लांटवर, आणि तिथे सगळी माणसं. जवळ काय होतं? बिनदाराच्या शेडमधली गवंड्याची पोती."

"म्हणजे चाळणीनं..." गवंडी मध्येच म्हणाला.

"चाळणी खाली होता. तो काय चोरणार? ज्यानं भरलं त्यानं चोरलं. आता तो कोण? साहेब असते, तर त्यांनी साधं सिमेंट या मातीत कधीच घातलं नसतं. त्यांनी ठोकळा फुटलेला पाहिला होता. गवंडीही नाही, त्यानंही पाहिला होता, आणि तेव्हापासून या मातीला त्यानं हात लावला नाही. ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी ही चूक केली नसती. ही चूक अशाच माणसाची, जो त्या दिवशी ठोकळा बघायला आला नाही. ज्याला सगळं सिमेंट करडंच दिसतं." बाईंचा आवाज नेहमीसारखा तिखट राहिला नव्हता. "आणि भरलेला थर मी तपासला. तळापर्यंत घट्ट आहे. हातानं ठोकून असा होत नाही. त्यावर रोलर फिरलाय."

रोलरवाल्यानं मागे पाहिलं.

"मागे कुणी नाही आता, भाऊ," हातोडीबाई म्हणाल्या. "त्या दिवशी होता. त्या दिवशी तुम्ही पाहिलं नाहीत. हो ना?"

तो खाली बसला. ज्या उंचवट्यापासून सगळे दूर उभे होते, त्याच्यावर त्यानं हात ठेवला.

"नेहमी ओरडायचो," तो म्हणाला. "त्या दिवशी नाही ओरडलो. सगळे प्लांटवर गेलेले, मला वाटलं हाही गेला. रोलर मागे घेतला. आवाजसुद्धा आला नाही त्याचा. नंतर उतरलो तर..." त्यानं डांबरावरून हात फिरवला. मग म्हणाला, "कुणी मानलं नसतं हो, चुकून झालं म्हणून. घाबरलो. त्या मातीला रक्त लागलं होतं, ती नेऊन ओढ्यात टाकली. कडेची नवी माती घेतली, पोती फोडली, पाणी मारलं आणि रोलर फिरवला. त्याच्यावरून फिरवला. तेव्हापासून मी रोलर कशावरूनच फिरवला नाही."

"आणि लोक त्याला चोर म्हणत होते तेव्हा?" साहेबांनी विचारलं.

रोलरवाला चाळणीच्या बायकोकडे बघत होता. सगळेच तिच्याकडे बघत होते.

ती ओरडली नाही. पदर खांद्यावर नीट केला आणि अगदी सावकाश बोलली.

"भाऊजी, तुम्ही दर वेळी मागे बघायचात ना. मला वाटायचं, तुम्हीही त्यांची वाट बघताय. माझ्यासारखीच." तिनं स्टूल उचललं. "म्हणून तुम्ही घरात असलात की मला बरं वाटायचं. आता माझा नळ दुरुस्त करायला येऊ नका."

६

उकरायला फार वेळ लागला नाही. रोलरवाल्यानं फावडं मागितलं, शिपायांनी दिलं नाही. वरचा फुगलेला थर मोठ्या ढेकळांनी निघाला. ढेकळांच्या भेगांमध्ये पांढऱ्या, केसाहून बारीक सुया उन्हात चमकत होत्या. त्याखाली पोकळी होती. आणि पोकळीत सगळ्यात आधी दिसली ती रिकामी पोती. प्लास्टिकच्या धाग्यांची, न कुजलेली, वरची छपाई अजून वाचता येईल अशी. कुणीतरी ती उलगडून, कडा नीट खोचून, पांघरुणासारखी घातली होती.

गवंडी पुढे झाला. त्यानं पोत्याची तोंडं ओळखली. खुणेसाठी निळ्या सुतळीचा टाका तो स्वतः घालायचा.

"माझीच," तो म्हणाला. "माझीच पोती." मग तो चाळणीच्या बायकोकडे वळला. हात जोडावेत की पाया पडावं, त्याला काही कळेना. "वहिनी, मी तुमच्या तोंडावर..." एवढंच बोलून तो तिथेच रडायला लागला, सगळ्यांसमोर, म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसा.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "तेव्हा मोठ्यानंच बोलला होतात."

गवंड्यानं डोळे पुसले आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या असलेल्या लोकांकडे तोंड करून ओरडून सांगितलं की चाळणी चोर नव्हता. एकदा सांगून त्याचं समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. लोकांनी माना खाली घातल्या.

पोती बाजूला केली तेव्हा हातोडीबाईंनी तोंड फिरवलं. बायकोनं फिरवलं नाही. ती खाली वाकली आणि सगळं पाहिलं. अकरा वर्षं जी वाट पाहिली तिच्यापुढे हे पाहणं अवघड नव्हतं, असं ती नंतर म्हणाली.

पुढचं पोलिसांचं काम पोलिसांनी केलं. रोलरवाल्याला नेलं तेव्हा त्यानं जीपमध्ये चढताना मागे पाहिलं नाही.

खड्डा भरायची वेळ आली, तेव्हा चाळणीची बायको येऊन काठावर उभी राहिली.

"यात कुठलं सिमेंट घालणार?" तिनं विचारलं.

साहेबांनी हातोडीबाईंकडे पाहिलं. बाईंनी तिच्याकडे हात केला.

"ह्यांनी सांगितलेलं घाला," ती म्हणाली. "मळीचं. सावकाश लागलं तरी चालेल. मला घाई नाही."

तसंच केलं. साहेब स्वतः उभे राहिले. गवंड्यानं माती कालवली आणि कुणाला हात लावू दिला नाही. थर घट्ट व्हायला वेळ लागला, पण तोवर रस्ता बंद ठेवला आणि कुणी कुरकुर केली नाही. निघण्याआधी हातोडीबाईंनी कडेचा एक तुकडा मोडून तिला आतली बाजू दाखवली. निळसर हिरवी.

"हा रंग असाच राहतो का?" तिनं विचारलं.

"वर हवा लागली की जातो. आत राहतो."

तिनं तो तुकडा हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि परत दिला. तिला तो घरात ठेवायचा नव्हता. घरात खुंटीवरचा सदरा होता, तोही तिनं उतरवून घडी केला.

त्या संध्याकाळी पहिला ट्रक गेला. रस्ता सपाट होता, ट्रक उसळला नाही आणि दार वाजलं नाही. चाळणीची बायको उठून दाराशी गेली. गंजलेली कडी जागची हलेना, तेव्हा तिनं थोडं तेल आणून लावलं, दोन्ही हातांनी ओढली आणि आतून लावली.